पाळी सांभाळून शिकताना: दूरचित्रवाणी प्रसारणातील नवख्या तंत्रज्ञांसाठी

दूरचित्रवाणी प्रसारणाच्या तांत्रिक विभागात नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या महिन्यात जे शिकवले जाते, त्यात बहुतेक वेळा यंत्रांचे पॅनेलच असते: कोणते बटण कधी दाबायचे, कोणता दिवा लाल झाला की कोणाला फोन करायचा, इनजेस्टची, म्हणजे यंत्रणेत घ्यायच्या फाईलींची, यादी कुठे ठेवायची. हे शिकल्याशिवाय पाळी निभत नाही, परंतु ते यंत्राबरोबरच जुने होते. चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या एसएमपीटीई या संस्थेने १९८९ साली एसडीआयचे, म्हणजे केबलमधून डिजिटल चित्र नेण्याच्या पद्धतीचे, पहिले मानक काढले. कोॲक्स केबलमधून सुरुवातीला २७० मेगाबिट, पुढे एचडीसाठी १.४८५ गिगाबिट आणि त्यानंतर २.९७ गिगाबिट प्रतिसेकंद असा वेग वाढत गेला, तरी एका केबलमध्ये एका दिशेने एकच चित्र ही मूळ रचना जवळजवळ तीन दशके टिकली. २०१७ साली याच संस्थेच्या एसटी २११० मालिकेतील पहिली मानके प्रसिद्ध झाली. त्यांच्यानुसार चित्र, ध्वनी आणि पूरक माहिती हे स्वतंत्र प्रवाह म्हणून नेटवर्कवरून जातात, आणि त्यामुळे केबली जोडण्याच्या पॅच पॅनलसमोर वीस वर्षे काढलेल्या माणसांनाही एकाएकी नेटवर्क स्विचचे कॉन्फिगरेशन वाचावे लागले. या बदलात ज्यांना एसडीआयच्या पॅनेलऐवजी एसडीआयमधला सिग्नल समजलेला होता, ते फारसे अडखळले नाहीत. संस्थेकडून प्रशिक्षण मिळो वा न मिळो, पाळी सांभाळून आपले आपण कसे शिकत राहावे, याची एक पद्धत पुढे दिली आहे. तिच्यातील पायऱ्या क्रमाने घ्याव्यात, कारण पहिलीवर पुढच्या सगळ्यांची भिस्त आहे.

पहिली पायरी: सिग्नलचा नकाशा

मोठा कागद घ्यावा आणि आपण जिथे काम करतो तिथला सिग्नलचा मार्ग कॅमेऱ्यापासून प्रक्षेपणापर्यंत पेन्सिलीने काढावा. रॅकमधील प्रत्येक पेटी दाखवण्याचा हट्ट नको. दोन पेट्यांमधील प्रत्येक जोडावर मात्र थांबावे आणि तिथे चार गोष्टी लिहाव्यात: कोणता सिग्नल जातो, तो कोणत्या मानकानुसार आहे, त्याचा डेटादर किती आहे आणि त्याला वेळेचा संदर्भ कुठून मिळतो. विभागात तयार आराखडे असतील तर ते आपला नकाशा पुरा झाल्यावरच पाहावेत. आधी पाहिले तर हात फक्त नक्कल करतो, आणि शिवाय असे आराखडे बहुधा बसवणीच्या वेळचे असतात. त्यानंतर झालेले बदल त्यांत उतरलेले असतातच असे नाही.

जिथे लिहिता आले नाही तिथे प्रश्नचिन्ह काढावे. एखादा नवखा तंत्रज्ञ प्रामाणिकपणे नकाशा काढायला बसला, तर पहिल्या कागदावर उत्तरांपेक्षा प्रश्नचिन्हेच जास्त दिसतील. स्विचरपर्यंतचा, म्हणजे कोणते चित्र जाणार ते निवडणाऱ्या यंत्रापर्यंतचा, मार्ग नीट येतो, पण स्विचरचा प्रोग्रॅम आऊटपुट कार्यक्रमाच्या फाईली वाजवणाऱ्या प्लेआउट सर्व्हरच्या बाजूने कुठे मिसळतो, उपशीर्षके कोणत्या टप्प्यावर घातली जातात, सिग्नल संपीडित करणाऱ्या एन्कोडरमध्ये ध्वनी किती मिलिसेकंद पुढेमागे केला आहे, या ठिकाणी पेन्सिल थांबते. ही प्रश्नचिन्हे म्हणजेच तुमचा अभ्यासक्रम होय. बाहेरचा कोणताही तयार अभ्यासक्रम याइतका नेमका असू शकत नाही, कारण तो तुमची रॅक पाहून लिहिलेला नसतो.

प्रश्नचिन्हांना क्रम देताना मी एकच कसोटी लावतो: या जागी बिघाड झाला तर ऑन एअर काय दिसेल? ज्याच्या उत्तरात काळा पडदा किंवा शांतता येते, तो प्रश्न आधी घ्यावा.

दुसरी पायरी: टिकाऊ काय आणि नाशवंत काय

प्रत्येक प्रश्नाला दोन थर असतात. वरच्या थरात उत्पादकाचा मेनू, आवृत्ती आणि परवाने येतात, आणि हे सगळे दोन-चार वर्षांत बदलते. खालच्या थरात ४:२:२ म्हणजे नेमके काय, गॅमा कशासाठी असतो, डेसिबल कशाच्या तुलनेत मोजायचे, आयपी पत्ता आणि सबनेट यांचा संबंध काय, अशा गोष्टी असतात आणि त्या फार सावकाश जुन्या होतात. अभ्यासाला जो वेळ मिळेल त्यातला दोन तृतीयांश वेळ खालच्या थराला द्यावा, असे माझे मत आहे. वरचा थर पाळीत आपोआप हाताखालून जातो. खालचा थर कोणी मुद्दाम शिकवत नाही.

हा भेद लक्षात ठेवला म्हणजे नव्या लाटांविषयीही निर्णय घेणे सोपे जाते. ईएसपीएनची त्रिमिती वाहिनी २०१० साली सुरू झाली आणि २०१३ साली बंद झाली. त्या काळात त्रिमिती चित्रणाची खास उपकरणे शिकण्यात ज्यांनी सगळा वेळ घातला, त्यांचे ते ज्ञान पडून राहिले. याउलट एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारे चित्र, २०१६ साली आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या बीटी.२१०० या शिफारशीत आले तेव्हा ज्यांना एचडीच्या बीटी.७०९ या शिफारशीतील ट्रान्सफर फंक्शनची, म्हणजे प्रकाश आणि सिग्नल यांतील नात्याची, कल्पना पक्की होती, त्यांना पीक्यू आणि एचएलजी या एचडीआरच्या दोन पद्धतींतील फरक समजायला फार वेळ लागला नाही. पीक्यूमध्ये सिग्नलची प्रत्येक पातळी प्रकाशाच्या ठरावीक मूल्याला बांधलेली असते, तर बीबीसी आणि जपानची एनएचके यांनी विकसित केलेले एचएलजी पडद्याच्या क्षमतेच्या प्रमाणात उलगडते, एवढे कळले की पुढचे मेनू आपोआप लागतात.

वाचनासाठी साधने निवडताना क्रम असा ठेवावा: आधी मूळ मानक, मग उत्पादकाची माहितीपुस्तिका, आणि त्यानंतर दृक्श्राव्य धडे. नवख्यांची सवय बरोबर उलटी असते, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण मानकाची भाषा कोरडी असते. तरीही आयटीयूच्या शिफारशी आणि युरोपीय ब्रॉडकास्टिंग युनियनची तांत्रिक कागदपत्रे विनामूल्य उतरवून घेता येतात. नेटवर्कशी संबंधित आरएफसी दस्तऐवजही तसेच खुले आहेत, आणि एसटी २११० ज्याच्यावर उभे आहे तो चित्र-ध्वनीची पाकिटे पाठवण्याचा आरटीपी प्रोटोकॉल त्यांतील आरएफसी ३५५० मध्ये आहे. मानक पहिल्या पानापासून कादंबरीसारखे वाचू नये. आधी व्याप्ती वाचावी, मग व्याख्या, आणि मग आपला प्रश्न ज्या कलमात आहे तेवढेच कलम. इंग्रजी मानकात 'शॅल' म्हणजे बंधनकारक, 'शुड' म्हणजे शिफारस आणि 'मे' म्हणजे मुभा, हा भेद सुरुवातीलाच मनात पक्का करावा. दोन उत्पादकांची यंत्रे एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा वाद पुष्कळदा 'मे' या एका शब्दापाशी येऊन थांबतो.

उत्पादकाच्या कागदांपैकी सर्वांत दुर्लक्षित, पण माझ्या मते सर्वांत प्रामाणिक कागद म्हणजे फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीसोबत येणारी टिपणे. जाहिरातीत यंत्र काय करू शकते ते असते. या टिपणांतील ज्ञात त्रुटींच्या यादीत ते काय करू शकत नाही ते असते.

तिसरी पायरी: छोटी प्रयोगशाळा

वाचलेले हाताखालून गेल्याशिवाय टिकत नाही, आणि प्रसारणाच्या चालू यंत्रणेवर प्रयोग करणे कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. तपासणीसाठी म्हणून का होईना, ऑन एअर नेटवर्कला आपला लॅपटॉप परवानगीशिवाय जोडू नये. म्हणून स्वतःची वेगळी मांडणी हवी. तिला तीन जुने संगणक आणि आयजीएमपी स्नूपिंगची (मागणाऱ्या पोर्टलाच प्रवाह देण्याची) सोय असलेला एक मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच एवढे पुरते. संगणकांपैकी निदान दोघांवर लिनक्स असावे. एफएफएमपेग, व्हीएलसी, ओबीएस स्टुडिओ, वायरशार्क, मीडियाइन्फो आणि ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे चित्र-ध्वनीचा एकत्र बांधलेला प्रवाह, उलगडणारे टीएसडक ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात आणि नवख्याच्या पहिल्या दोन वर्षांच्या अभ्यासाला पुरून उरतात.

पहिला प्रयोग कागदावरच करावा. एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतात, आणि १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची माहिती आडवी निम्मी ठेवल्यावर, प्रत्येक पिक्सेलला सरासरी २० बिट लागतात. सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम, म्हणजे १०८०आय५० धरले, तर गुणाकार सुमारे १.०४ गिगाबिट येतो. सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमच्या १०८०पी५० ला तो दुप्पट, सुमारे २.०७ गिगाबिट होतो. यावरून दोन गोष्टी हाती लागतात. १ गिगाबिटच्या लिंकवर असंपीडित एचडीचा एकही प्रवाह बसत नाही, आणि १० गिगाबिटच्या लिंकवर १०८०पी५० चे चार प्रवाह बसतात. मग हेच १०८०आय५० चित्र एसडीआयमध्ये १.४८५ गिगाबिट का घेते, हा प्रश्न ज्याला पडला त्याचा अभ्यास सुरू झाला असे समजावे. एसडीआय दृश्य चित्राभोवतीचा ब्लँकिंगचा, म्हणजे चित्र नसलेला, काळही वाहून नेते. एसटी २११०-२० फक्त दृश्य पिक्सेल नेते. आणि एसडीआयमध्ये त्या ब्लँकिंगच्या जागेत बसणारा ध्वनी आणि टाइमकोड आता कुठे गेला, हा पुढचा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो, आणि त्याचे उत्तर २११०-३० आणि २११०-४० मध्ये आहे.

दुसरा प्रयोग लाउडनेसचा, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचा. युरोपीय ब्रॉडकास्टिंग युनियनच्या (ईबीयू) आर १२८ या शिफारशीनुसार कार्यक्रमाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचे एकक) ठेवायची असते, आणि तिचे मापन आयटीयूच्या बीएस.१७७० प्रमाणे होते. एफएफएमपेगमधील लाउडनेस मोजणाऱ्या फिल्टरने संवाद असलेली दहा मिनिटांची एखादी फाईल मोजावी आणि आकडा लिहून ठेवावा. आता त्याच फाईलच्या शेवटी पाच मिनिटांची संपूर्ण शांतता जोडून पुन्हा मोजावे. साध्या सरासरीच्या हिशेबाने आकडा खाली यायला हवा. प्रत्यक्षात तो जागचा हलत नाही. याचे कारण असे की या मापनात ४०० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात आणि उणे ७० एलयूएफएसच्या खालचे तुकडे सरळ वगळले जातात, त्यानंतर उरलेल्यांच्या सरासरीपेक्षा १० एलयूने खाली असलेलेही गाळले जातात. हे पुस्तकात वाचून विसरले जाते. आपल्याच फाईलवर पाहिले की विसरत नाही, आणि शांत प्रसंगांनी भरलेल्या कार्यक्रमाचा आकडा इतका वर का दिसतो या निर्मात्याच्या तक्रारीला उत्तरही देता येते.

तिसरा प्रयोग मल्टिकास्टचा, म्हणजे एकच प्रवाह अनेकांनी मागून घेण्याचा, आणि यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. पहिल्या संगणकावरून एक संपीडित ट्रान्सपोर्ट स्ट्रीम २३९.१.१.१ या पत्त्यावर सोडावी, दुसऱ्यावर व्हीएलसीमध्ये ती पाहावी आणि तिसऱ्यावर नुसते वायरशार्क लावून बसावे. स्विचमधील स्नूपिंग बंद असेल तर ज्याने काहीही मागितलेले नाही त्या तिसऱ्या संगणकावरही सगळा प्रवाह येऊन आदळतो. आता स्नूपिंग सुरू करावे, पण क्वेरिअर मुद्दाम बंद ठेवावा, आणि दुसऱ्या संगणकावर प्रवाह एकदा बंद करून पुन्हा उघडावा. तिसरा संगणक शांत होतो, दुसऱ्यावरचे चित्र व्यवस्थित चालते आणि आपण समाधानाने चहाला उठतो. अनेक स्विचमध्ये साधारण ४ मिनिटे २० सेकंदांनी ते चित्र थांबते. कोण अजून ऐकत आहे हे विचारणारा क्वेरिअरच नसल्यामुळे दुसऱ्या संगणकाने आपले सदस्यत्व पुन्हा कळवलेले नसते, आणि २६० सेकंदांची मुदत संपताच स्विच ते नाव खोडून टाकतो. चार मिनिटे उत्तम चालून मग थांबलेले चित्र पाहिले की नवखा माणूस एन्कोडर बदलायला धावतो. ज्याने हे एकदा स्वतः घडवून पाहिले आहे, तो आधी घड्याळाकडे पाहतो.

याच मांडणीवर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. मल्टिकास्टच्या आयपी पत्त्यातील शेवटचे २३ बिटच इथरनेटच्या (मॅक) पत्त्यात उतरतात, त्यामुळे २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ हे दोन वेगळे आयपी पत्ते मॅक पातळीवर एकच ठरतात. पत्त्यांची आखणी करताना हे ध्यानात न घेतल्यास, मॅक पत्त्यावरून वाटप करणाऱ्या स्विचवर एका मॉनिटरच्या पोर्टवर नको असलेला दुसरा प्रवाहही येत राहतो.

चौथी पायरी: घड्याळ

आयपी यंत्रणेतील एकच विषय खोलात शिकायला वेळ असेल तर तो पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याचा प्रोटोकॉल, असावा. ब्लॅकबर्स्ट या संदर्भ सिग्नलच्या जमान्यात वेळेचा संदर्भ स्वतंत्र केबलने येत असे आणि केबल निघाली की ते डोळ्यांना दिसत असे. आता तो चित्राच्याच नेटवर्कमधून पाकिटांच्या रूपाने येतो. पीटीपीच्या एसटी २०५९-२ या प्रसारणासाठीच्या प्रोफाइलचे उद्दिष्ट कोणत्याही दोन उपकरणांमधील फरक १ मायक्रोसेकंदाच्या आत ठेवण्याचे आहे.

मला हा विषय शिकावासा वाटला तो एका फजितीमुळे. मी पूर्वी काम करत असे त्या ठिकाणी दुपारच्या वेळी एक नवे उपकरण नेटवर्कला जोडले गेले, आणि काही सेकंदांत स्टुडिओतील निम्म्या मॉनिटरांवर चित्र अडकू लागले, ध्वनीत टिकटिक येऊ लागली. आम्ही चौघेही पीटीपीचे प्रशिक्षण घेतलेले होतो आणि चौघेही केबल हलवून पाहत होतो. कारण सापडले ते वायरशार्कमध्ये: नव्या उपकरणात प्रायॉरिटी-१ हा आकडा मुख्य घड्याळापेक्षा कमी ठेवलेला होता, आणि निवडीच्या नियमात हाच आकडा सर्वांत आधी पाहिला जातो व लहान आकडा जिंकतो. जीपीएसशी काहीही संबंध नसलेले ते उपकरण नियमानुसारच ग्रँडमास्टर, म्हणजे सगळ्यांचे मुख्य घड्याळ, झाले होते. नियम आम्हाला तोंडपाठ होता. हे आकडे ज्यातून कळवले जातात तो अनाउन्स संदेश प्रत्यक्षात कसा दिसतो हे मात्र कोणीच पाहिलेले नव्हते.

म्हणून नवख्याने दोन लिनक्स संगणकांवर लिनक्सपीटीपी हा संच बसवावा, एकाला मुख्य आणि दुसऱ्याला अनुयायी करावे आणि दोघांमधील संदेश टिपावेत. हिशेब चार वेळांचा आहे. मुख्य घड्याळाने सिंक संदेश आपल्या १००० व्या मायक्रोसेकंदाला सोडला. अनुयायाला तो त्याच्या घड्याळात १०६० ला मिळाला. अनुयायाने उलट संदेश स्वतःच्या ११०० ला सोडला. मुख्य घड्याळाला तो १०६० ला मिळाला. जातानाचा फरक ६०, येतानाचा उणे ४०. दोघांच्या वजाबाकीचा निम्मा ५०, म्हणजे अनुयायी ५० मायक्रोसेकंद पुढे आहे. दोघांच्या बेरजेचा निम्मा १०, म्हणजे वाटेत १० मायक्रोसेकंद लागतात. आता परतीची वाट गर्दीमुळे ३० मायक्रोसेकंदांची झाली असे धरू. उलट संदेश १०८० ला पोहोचतो, येतानाचा फरक उणे २० होतो आणि पुढे असण्याचे उत्तर ४० येते. प्रत्यक्षात ५० पुढे असलेल्या घड्याळाला आपण ४० पुढे आहोत असे वाटते आणि त्याला ही चूक कळण्याचा कोणताही मार्ग नसतो, कारण सगळे गणित जाणे-येणे सारखे आहे या गृहीतावर बेतलेले आहे. मोठ्या यंत्रणांत पीटीपी समजणारे, बाउंडरी क्लॉकचे (स्वतः वेळ जुळवून पुढे देण्याचे) काम करणारे स्विच का घेतात, हे या एका हिशेबातून कळते. हा हिशेब कागदावर आकडे बदलून चार-पाच वेळा करावा.

एक बारकावा प्रयोगात हमखास दिसेल. पीटीपीचा काळ आंतरराष्ट्रीय अणुकालानुसार चालतो, त्यामुळे तो भिंतीवरच्या वेळेच्या आधाराला असलेल्या यूटीसीपेक्षा ३७ सेकंदांनी पुढे असतो. हा फरक पाहून घड्याळ बिघडल्याची नोंद करू नये.

पाचवी पायरी: वही आणि वेळापत्रक

प्रत्येक प्रयोगाची नोंद एका वहीत करावी: तारीख, प्रश्न, काय अपेक्षित होते, काय दिसले. अपेक्षा प्रयोगाच्या आधी लिहावी; नंतर लिहिली तर मन ती निकालाला जुळवून घेते. पाळीत झालेल्या बिघाडांची वेगळी पाने ठेवावीत, आणि त्यांत बिघाड मिटला कसा याच्याइतकेच पहिला संशय कोणावर घेतला होता हेही लिहावे. वर्षभराने ती पाने वाचली की आपले संशय नेहमी एकाच दिशेला का जातात हे दिसते. संस्थेचे पासवर्ड, आयपी पत्ते आणि अंतर्गत आराखडे मात्र या खाजगी वहीत उतरवू नयेत.

वेळेचे म्हणाल तर आठवड्याला तीन तास, दीड-दीड तासाच्या दोन बैठकांत, हे फिरत्या पाळ्यांमध्ये जमण्यासारखे आहे. रात्रपाळी उतरल्यानंतर अभ्यासाला बसू नये. त्या वेळी वाचलेले डोळ्यांखालून जाते, डोक्यात राहत नाही. प्रमाणपत्र परीक्षा द्यायच्याच असतील तर नेटवर्किंगची पायाभूत परीक्षा आधी द्यावी आणि उत्पादकाच्या परीक्षा गरज पडेल तेव्हा द्याव्यात.

महिन्यातून एकदा एखाद्या सहकाऱ्याला आपला एक प्रयोग पंधरा मिनिटांत करून दाखवावा. शक्यतो वयाने आणि अनुभवाने मोठ्या सहकाऱ्याला दाखवावा. ज्येष्ठांना नवे प्रोटोकॉल माहीत नसतील, पण त्यांचा पहिलाच प्रश्न बहुधा असा असतो की त्याने आपली अर्धी मांडणी कोसळते, आणि जुन्या सिग्नलविषयी त्यांना जे हातून ठाऊक आहे ते कुठेही लिहिलेले सापडत नाही.

सहा महिन्यांनी नवा कागद घेऊन, जुना न पाहता, नकाशा पुन्हा काढावा आणि मग दोन्ही शेजारी ठेवावेत. काही प्रश्नचिन्हे गेलेली असतील, काही नवी आलेली असतील. दोन्ही कागदांवर एकाच जोडावर प्रश्नचिन्ह राहिले असेल, तर पुढच्या आठवड्यातील पहिली बैठक त्यासाठी ठेवावी.